अंगठे धरण्याची परीक्षा

जुलै १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये एक भोजन योजले. निमंत्रितांत त्या काळचे नावाजलेले खेळाडू होते. पण बोलायचे होते डॉक्टर हान्स क्राउस आणि व्यायामशिक्षिका बॉनी प्रुडन यांना. दोघेही गिर्यारोहक. त्यांनी सोबत आणलेले आकडे थोडे, पण झोंबणारे होते. सहा साध्या शारीरिक कसोट्यांपैकी निदान एकीत नापास होणारी मुले अमेरिकेत ५७.९ टक्के, तर ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांत मिळून ८.७ टक्के. तपासलेली मुले अमेरिकेतली ४,२६४ आणि युरोपातली २,८७०.

हा अहवाल अध्यक्षांपर्यंत पोचला तो जॉन केली यांच्यामुळे. फिलाडेल्फियाचे हे गृहस्थ नौकानयनातले ऑलिंपिक सुवर्णपदकविजेते होते, आणि अभिनेत्री ग्रेस केलीचे वडील. त्यांनी तो वाचला, आपल्या राज्याचे सिनेटर जेम्स डफ यांच्या कानावर घातला आणि डफ यांनी आयसेनहॉवरना सांगितले. शोधनिबंध छापून येणे आणि राज्यकर्त्याने तो वाचणे यांच्यामध्ये असा एखादा केली लागतो, हे अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

या कसोट्या मुळात मुलांसाठी नव्हत्याच. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात क्राउस पाठदुखीचे रुग्ण तपासत. पुष्कळांच्या मणक्यात दोष सापडत नसे, स्नायू मात्र दुबळे किंवा आखडलेले असत. ते ओळखण्यासाठी त्यांनी सोन्या वेबर यांच्यासह या चाचण्या बसवल्या. पाच ताकदीच्या: उताणे झोपून उठून बसणे, पाय उचलून धरणे अशा. सहावी लवचिकतेची: गुडघे न वाकवता खाली वाकून बोटे जमिनीला टेकवायची आणि क्षणभर तसेच राहायचे. आपल्याकडे ‘अंगठे धर’ ही शाळेतली शिक्षा होती. तीच जवळपास इथे परीक्षा झाली.

आणि याच सहाव्या कसोटीत सर्वांत जास्त अमेरिकन मुले अडकली: ४४.३ टक्के. युरोपात ७.८. म्हणून टीकाकार म्हणू लागले की, ही चाचणी प्रकृती मोजत नाही, वाकणे मोजते. युरोपातल्या शाळांत कवायत असते, तिथल्या मुलांना वाकायची सवयच आहे. आक्षेप अर्धाच खरा आहे. ताकदीच्या कसोट्यांतली तफावत प्रमाणाने आणखी मोठी होती, ३५.७ विरुद्ध १.१ टक्के. तिच्याबद्दल मात्र टीकाकार फारसे बोलत नाहीत.

क्राउस यांनी बोट ठेवले ते मोटार, शाळेची बस, लिफ्ट आणि टेलिव्हिजन यांच्यावर. राज्यकर्त्यांनी ऐकले ते वेगळेच. शीतयुद्धाचे दिवस होते. मूल नापास म्हणजे उद्याचा सैनिक नापास. १८०६मध्ये नेपोलियनकडून मार खाल्लेल्या प्रशियात पाच वर्षांनी यान यांनी बर्लिनबाहेर तरुणांसाठी उघडे व्यायाममैदान काढले. बोअर युद्धात भरतीला आलेल्या तरुणांची प्रकृती पाहून हादरलेल्या ब्रिटनने १९०४मध्ये ‘शारीरिक ऱ्हासा’वर समितीचा अहवाल काढला. मुलांच्या अंगाकडे सरकारचे लक्ष जाते ते बहुधा अशा वेळी. आयसेनहॉवर यांनी जुलै १९५६मध्ये युवक-आरोग्यासाठी अध्यक्षीय मंडळ नेमले. डिसेंबर १९६०मध्ये निर्वाचित अध्यक्ष केनेडी यांनी ‘मऊ पडलेल्या अमेरिकना’वर लेख लिहिला. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी केनेडींच्या पाठीवर व्यायामाचे उपचार करायला व्हाइट हाउसमध्ये क्राउस यांनाच बोलवावे लागले.

त्याच दशकात लंडनमध्ये मात्र मोजण्याची गोष्टच बदलत होती. जेरी मॉरिस यांनी १९५३मध्ये दाखवले की, दुमजली बसचा दिवसभर बसलेला चालक हृदयविकाराने जितका आजारी पडतो, तितका जिने चढ-उतार करणारा कंडक्टर पडत नाही. इथून प्रश्न ‘अंगात ताकद किती’ हा न राहता ‘दिवसात हालचाल किती’ असा झाला. स्नायूंच्या जागी मिनिटे आली आणि सैनिकाच्या जागी रुग्ण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दुसऱ्या मोजपट्टीचा. १४६ देश, ११ ते १७ वयाचे सोळा लाख विद्यार्थी. रोज साठ मिनिटे हालचाल हा निकष; २०१६मध्ये जगातली ८१ टक्के मुले त्याखाली. श्रीमंती-गरिबीने हे उलगडत नाही: दक्षिण कोरियात ९४.२ टक्के, पाठोपाठ फिलिपिन्स. सर्वांत कमी बांगलादेशात, ६६.१.

आता ही मोजपट्टी उलटून पाहू. विद्यार्थ्यांनी प्रश्नावली स्वतः भरायची. म्हणजे शाळेतली मुले तेवढी मोजली गेली. गुरांमागे जाणारा, वीटभट्टीवर राबणारा मुलगा या टक्क्यांत नाही. शिवाय निकष ‘रोज’चा. सहा दिवस दीड-दीड तास खेळून सातव्या दिवशी बसून राहिलेले मूल नापास. २०२०च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ‘रोज किमान साठ’ऐवजी ‘आठवड्यात सरासरी दिवसाला साठ’ असे शब्द आले. तेच मूल या हिशेबाने पास होते. त्याने तेवढ्यासाठी एक पाऊलही जास्त टाकलेले नाही.

म्हणून ८१ या आकड्याने मी फारसा दचकत नाही. मला थांबवतो तो त्याच्या पोटातला दुसरा आकडा. निकषाखाली मुलगे ७७.६ टक्के, मुली ८४.७. दोघांना एकच प्रश्न, एकच पट्टी. तेव्हा पट्टीला दोष देऊन ही तफावत पुसता येत नाही. २००१पासूनच्या पंधरा वर्षांत मुलग्यांचे प्रमाण ८०.१वरून थोडे उतरले, मुलींचे ८५.१वर होते ते जवळजवळ तिथेच राहिले. १४६पैकी टोंगा, सामोआ, अफगाणिस्तान आणि झांबिया हे चारच देश असे, जिथे मुली मुलग्यांच्या मागे नाहीत. क्राउस यांच्या यादीतली मोटार आणि टेलिव्हिजन दोघांच्याही वाट्याला सारखीच असतात. संध्याकाळचे मैदान तसे नसते, आणि घरातले काम ‘हालचाल’ म्हणून प्रश्नावलीत लिहावे, हे तर कुणा मुलीच्या मनातही येत नसेल. २०३०पर्यंत अपुऱ्या हालचालीचे प्रमाण पंधरा टक्क्यांनी घटवायचे, असे सदस्य देशांनी ठरवले आहे. ते मुलग्यांत किती घटावे आणि मुलींत किती, याचे वेगळे लक्ष्य त्यात नाही.