कातीव लाकडाची गोष्ट

अकोल्यात ‘कातणे’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे कापूस येतो, पेळू येतो, चरखा येतो. आमचा मुलूखच कापसाचा. पण मराठीत लाकूडही कातले जाते आणि ते कातणाऱ्याला कातारी म्हणतात. संस्कृतातल्या ‘कृत्’ धातूलाही दोन अर्थ आहेत : कापणे आणि सूत काढणे. एखाद्याचे नाक कातीव आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत कातारीचीच आठवण काढत असतो.

मोर्णेकाठी असदगडाच्या आसपास वसलेल्या आमच्या जुन्या शहरात मी वाढलो. तेव्हा घरोघर कातीव लाकूड होते. पाळण्याचे दांडे, बाजेचे पाय, लाटणे, भोवरा, तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलाची चाके. ही सगळी गोलाई एकाच युक्तीतून येते. लाकडाचा तुकडा दोन टोकांत अडकवायचा, त्याला दोरीचा वेढा द्यायचा आणि दोरी किंवा कमान मागेपुढे ओढून तो फिरवायचा. कारागीर जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी पटाशीला आधार देतो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो.

युरोपात हेच काम राजेरजवाड्यांचा छंद झाले. फ्रान्समधील शार्ल प्ल्युमिए या धर्मगुरूने १७०१ साली कातकामावर सचित्र ग्रंथ छापला. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट स्वतः लाकूड आणि हस्तिदंत कातत असे. त्याच्या पदरी असलेल्या आंद्रेई नार्तोव्हने पटाशी हाताऐवजी यंत्राने धरणारे लेथ बनवले. त्यातला एक आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहे. पुढे अशा लेथवर लोखंड कापले जाऊ लागले आणि कारखान्यांचे युग आले. राजाची हौस यंत्रविद्येच्या अशी कामी आली.

आपल्याकडे मात्र लाकूड कातणे हे कातारीचे काम राहिले. बाप मुलाला शिकवी आणि बाकीचे गाव तयार वस्तू विकत घेई. मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला की हत्यारे माळ्यावर जात. शिकायला बाहेरचे कुणी येतच नसे.

सुताचे तसे झाले नाही. १९२१ साली बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने देशात वीस लाख चरखे चालते करण्याचा संकल्प सोडला. वकील, प्राध्यापक, सधन घरांतल्या बायका चरख्यापुढे बसल्या. पोटासाठी कातणारे आणि व्रत म्हणून कातणारे शेजारी शेजारी आले. त्यांतल्या अनेकांना सूत नीट जमले नसेल, पण कातायचे कसे हे लाखोंच्या हातांना कळले. गंमत अशी, की त्या चरख्यांच्या खांबांना आणि मुठींना गोलाई द्यायची तर लाकूडच कातावे लागे. त्या कामाचे व्रत मात्र कुणी घेतले नाही.

सावंतवाडीचे उदाहरण मला म्हणूनच मोलाचे वाटते. तिथली गंजिफा आणि लाखकाम मागे पडत होते, तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यात लक्ष घातले. वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून गंजिफेची कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांना बसायला जागा दिली. गंजिफा हे चित्रकाम, कातकाम नव्हे. पण घराण्याबाहेरचे कुणी शिकायला बसले की कला तगते, हा धडा दोन्हीकडे एकच.

छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे आपण समजतो. मला तो कलेचा राखणदार वाटतो. धंद्याला गिऱ्हाईक लागते, छंदाला फक्त शिकणारा लागतो. आता विजेवर चालणारे लहान लेथ बाजारात मिळतात. निवृत्तीनंतर वेळ असलेल्यांनी आणि शाळांनी एखादा घ्यावा आणि एखाद्या जुन्या कातारीला मानाने बोलावून त्याच्यापुढे शिकायला बसावे. पहिला भोवरा डुगडुगेल. दुसऱ्याच्या वेळी, लाकूड फिरत असताना पटाशी कुठे थांबवायची, ते हाताला कळू लागेल. ते एका हाताकडूनच दुसऱ्या हाताकडे जाते, आणि देणारे हात आता थोडे उरले आहेत.