देवराई, चाळणी आणि 'अकादेमी'

वर्ष सरत आले की मराठी वाङ्मयीन वर्तुळात एक वाक्य हमखास कानी पडते : 'अमक्यांना यंदा अकादमी मिळाली.' बोलणाऱ्याला अभिप्रेत असतो तो पुरस्कार. ज्या शब्दाने प्रथम एका जागेचा, मग तेथे जमणाऱ्या माणसांचा आणि पुढे त्यांच्या संस्थेचा निर्देश केला, तो शब्द आपल्या भाषेत 'मिळण्याची' वस्तू होऊन बसावा, हे अर्थांतर साधे नाही. त्याचा उलगडा करायचा तर शब्दाच्या मूळ गावी जाणे भाग आहे.

अथेन्सच्या तटाबाहेर, वायव्य दिशेस, अथीना देवतेला वाहिलेली ऑलिव्ह वृक्षांची एक राई होती. अकादेमोस नावाच्या पुराणपुरुषावरून ती ओळखली जाई. प्लूटार्कने नोंदवलेल्या कथेनुसार, थेसियसने हेलनला पळवून दडवून ठेवले तेव्हा तिच्या भावांना तिचा ठावठिकाणा या अकादेमोसने सांगितला. त्या उपकाराच्या स्मरणार्थ स्पार्टाच्या सैन्याने तो मुलूख वारंवार उद्ध्वस्त करूनही या राईला मात्र हात लावला नाही. आपल्याकडील देवराईत कोयता चालवत नाहीत, त्याच जातीची ही श्रद्धा. इ.स.पू. ३८७ च्या सुमारास प्लेटोने येथे अध्यापन सुरू केले. त्याच्या विद्यापीठाला जागेचेच नाव चिकटले. 'ज्ञान', 'विद्या' किंवा 'गुरू' यांचा या शब्दाच्या व्युत्पत्तीशी कसलाही संबंध नाही, हे आवर्जून लक्षात घ्यावे. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने अथेन्सला वेढा घातला आणि वेढ्याच्या यंत्रांसाठी ही झाडे तोडली. राई गेली, पण नाव टिकले. सिसेरोने आपल्या टस्क्युलममधील निवासाच्या एका भागाला हौसेने तेच नाव दिले होते.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये प्लेटोचे पुनरध्ययन सुरू झाले आणि शब्दाला नवे आयुष्य लाभले. त्याच नगरीत १५८३ साली स्थापन झालेल्या 'अकादेमिया देल्ला क्रुस्का' या संस्थेने त्याला वेगळेच वळण दिले. 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. भाषेचे पीठ चाळून कोंडा वेगळा काढणे हे या मंडळींचे व्रत होते, आणि त्यांचे बोधचिन्ह होते चाळणी. १६१२ मध्ये त्यांनी इटालियन भाषेचा कोश सिद्ध केला. त्याच वाटेने १६३५ मध्ये रिशल्यूच्या पुढाकाराने ४० सभासदांची फ्रेंच अकादमी आणि १७१३ मध्ये स्पॅनिश अकादमी उभी राहिली. इंग्लंडात १७१२ मध्ये स्विफ्टने भाषेच्या स्थिरीकरणासाठी असाच प्रस्ताव मांडला होता, पण तो फळला नाही. राईत वाद चालतो, चाळणीतून निवाडा होतो. युरोपभर पसरलेला हा शब्द तेव्हापासून हे दोन्ही अर्थ एकत्र वाहतो आहे, आणि त्यांचे एकमेकांशी फारसे जमत नाही.

दिल्लीत १२ मार्च १९५४ रोजी साहित्य अकादेमीचे उद्घाटन झाले, त्या प्रसंगी डॉ. राधाकृष्णन यांनी या नावातील संस्कृत आणि ग्रीक शब्दांच्या जोडीकडे लक्ष वेधले होते आणि तीत विश्वव्यापी दृष्टीची खूण पाहिली होती. वर्णरचनाही पाहण्याजोगी आहे. अलाहाबादला १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने 'हिन्दुस्तानी एकेडेमी' असे इंग्रजी वळणाचे रूप स्वीकारले होते. दिल्लीच्या 'अकादेमी'त दंत्य 'द' आणि त्यावरील एकार हे मूळ ग्रीक उच्चाराच्या अधिक जवळचे आहेत. व्यवहारात आपण तो एकार गाळून 'अकादमी' म्हणतो, ते सोडून देऊ.

चाळणीचा अर्थ मात्र दिल्लीला पेलणारा नव्हता. आज २४ भाषांचे साहित्य ज्या संस्थेच्या कक्षेत येते, तिने एकाच चाळणीने कोणाचा कोंडा काढावा? मराठीपुरते ते काम दुसरीकडे झाले. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन-नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. म्हणजे दिल्लीच्या वाट्याला येणार होती ती राई. १९६१ मध्ये तिन्ही अकादेम्यांसाठी रवींद्रनाथांच्या नावाने भवन उभारले गेले, हे या दृष्टीने मला फार उचित वाटते. झाडाखाली वर्ग भरवणारा कवी तो.

आपण मराठी माणसांनी या शब्दाला पर्याय शोधला नाही असे नाही. खडकवासल्याची सैनिकी अकादमी मराठीत 'राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी' आहे. कार्तिकातील ज्या एकादशीला विष्णू जागा होतो, तिचे हे नाव. जागे करणे हा क्रियार्थ त्यात स्पष्ट दिसतो. साहित्याच्या संस्थेला मात्र आपण तो शब्द लावला नाही. परका शब्द अपारदर्शक असतो, त्यात जो अर्थ भरावा तो मावतो. दिल्लीच्या मुखर्जीनगरात स्पर्धापरीक्षांच्या वर्गांच्या पाट्यांवर तो कसा मावला आहे, हे पायी हिंडूनच पाहावे. तेव्हा पुरस्कारार्थी 'अकादमी' ही एकट्या मराठीची चूक नव्हे. तरीही ती सोडवत नाही, कारण पुरस्काराची बातमी दोन दिवस टिकते आणि पुस्तकावरचा वाद, जो त्या राईतला खरा व्यवहार, तो होतच नाही.

मराठीसाठी पहिला अकादेमी पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला लाभला. शास्त्रीबुवा घडले ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, कृष्णेकाठच्या गावात, शास्त्रार्थाच्या परंपरेत. पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाल्यावर त्या प्रचंड कामाचे संपादकीय कार्यालयही वाईलाच राहिले.