प्रस्तावना: सायकलपटूंची हाडे

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पार केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा पराक्रमांनंतर हृदयाची, फुफ्फुसांची, मांड्यांची चर्चा होते. हाडांकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

हाड जिवंत असते. जुने हाड विरघळवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी त्यात आयुष्यभर राबत असतात. भार बदलला की हाडाची घडण बदलते, हे ज्युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले. भार नुसता असून भागत नाही, तो जोरदार, झटक्याचा आणि वेगवेगळ्या दिशांनी येणारा हवा, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. खो-खोत असे दणके क्षणोक्षणी बसतात. सायकलवर अंगाचे बरेचसे वजन सीट पेलते, पाय एकाच लयीत फिरत राहतात. हृदय दमते, पण कमरेच्या मणक्यांना आणि खुब्याला नवे हाड रचायला कारण मिळत नाही.

मिसुरी विद्यापीठाच्या 2008 च्या अभ्यासात रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या पुरुषांपैकी 63 टक्क्यांची मणक्यातील किंवा खुब्यातील अस्थिघनता कमी आढळली. धावणाऱ्यांत हे प्रमाण 19 टक्के होते. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील सुवर्णविजेते सायकलपटू ख्रिस बोर्डमन यांना ऐन कारकिर्दीत ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचे, निदान झाले होते.

दोष एकट्या सीटचा नाही. तासन्‌तास घामावाटे कॅल्शियम जाते. रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतून काढते. त्यातच चढावर हलके राहावे म्हणून खेळाडू जेवण तोडतो. ऊर्जा अपुरी पडली की टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन घटतात आणि हाडांची बांधणी मंदावते. ही ऊर्जातूट स्त्री-पुरुष दोघांनाही भोवते, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये ठळकपणे सांगितले. मला हाच या विषयाचा गाभा वाटतो.

रायपूरजवळच्या बीरगांवातून उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सायकलने जाणाऱ्या कामगाराने मात्र हे वाचून घाबरू नये. तो दिवसभर उभा राहतो, चालतो, ओझी उचलतो. त्याच्या हाडांना इतर भार मिळतात. धोका आहे तो सराव सीटवर आणि उरलेला वेळ पाय वाचवण्यात घालवणाऱ्या स्पर्धकाला.

म्हणून प्रशिक्षकांना विनंती: आठवड्याच्या सरावात वजने आणि उड्यांना जागा द्या. प्रौढाला रोज 1,000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीतून त्यातले सुमारे साडेतीनशे मिळते, त्यामुळे ताटात दूध, तीळही हवेत. आणि खेळाडूचे वजन उतरू लागले, तर कौतुक करण्याआधी तो पोटभर जेवतो का ते पाहा, गरज वाटल्यास त्याची अस्थिघनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या.