खोताची वाडी

खोताची वाडी ही दक्षिण मुंबईतील गिरगाव भागात असलेली जुनी निवासी वसाहत आहे. अरुंद गल्ल्यांलगत उभी असलेली, उतरत्या कौलारू छपरांची लाकडी घरे हे तिचे वैशिष्ट्य होय. या घरांच्या जागी बहुमजली इमारती बांधण्यास रहिवाशांनी दीर्घकाळ केलेल्या विरोधामुळे मुंबईतील वारसा-संवर्धनाच्या चर्चेत तिचा वारंवार उल्लेख होतो.

इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांच्याकडे होती. त्यांच्या आडनावावरून वाडीला हे नाव पडले. येथे प्रामुख्याने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई व उत्तर कोकणातील मराठीभाषक कॅथलिक कुटुंबे वसली. पुढे गोवेकर ख्रिस्ती व हिंदू कुटुंबेही राहू लागली. मालवणी जेवणासाठी प्रसिद्ध असलेली ‘अनंताश्रम’ ही खाणावळ याच वाडीत होती.

वास्तुरचना

येथील घरे ‘पोर्तुगीज पद्धतीची’ म्हणून ओळखली जातात. तथापि मुंबई बेट १६६५ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात आले होते. त्यामुळे ही घरे ब्रिटिश काळातील आहेत. दर्शनी ओसरी, लाकडी सज्जा, नक्षीदार कठडे आणि बाहेरून वर जाणारा जिना यांमुळे ती गोव्यातील जुन्या घरांशी साम्य दाखवतात.

पुनर्विकास आणि विरोध

मूळच्या सुमारे ६५ घरांपैकी आता ३० पेक्षाही कमी घरे उरली आहेत. जमिनीची वाढती किंमत, वारसांमधील वाटण्या आणि लाकडी बांधकामाच्या डागडुजीचा खर्च यांमुळे काही मालकांनी घरे विकली. भाडेकरू असलेल्या घरांत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघणे कठीण झाले.

विरोध करणाऱ्यांमध्ये फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांचे नाव विशेष परिचित आहे. उंच इमारतींमुळे बैठ्या व दुमजली घरांचा उजेड आणि वारा अडतो, अरुंद गल्ल्यांवर वाहनांचा आणि जुन्या जलवाहिन्या व मलवाहिन्यांवर लोकसंख्येचा भार वाढतो, असे आक्षेप घेतले जातात. एकेक घर स्वतंत्रपणे पाडले गेले, तरी नष्ट होते ते संपूर्ण वसाहतीचे स्वरूप, हा त्यांतील मुख्य मुद्दा आहे.

कायदेशीर संरक्षण व मर्यादा

बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. खोताच्या वाडीचा वारसा यादीत समावेश आहे. या नियमावलीनुसार यादीतील वास्तूंमधील बदलांसाठी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा लागतो. बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूदही तीत होती. मात्र घरे खाजगी मालकीची असल्याने दैनंदिन देखभालीचा भार मालकांवरच राहतो. त्यामुळे घर राखू इच्छिणारे आणि विकू इच्छिणारे असे दोन्ही प्रकारचे मालक एकाच वाडीत आढळतात.