इंडोनेशियातला ‘हारी’ आणि आपली घटिका

इंडोनेशियन भाषेत दिवसाला ‘हारी’ म्हणतात हे कळले, की आपल्याकडे पुष्कळांना श्रीहरी आठवतो. हा मोह आवरावा. हा शब्द ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातला, तिथल्याच मातीतला आहे. सूर्य म्हणजे ‘माताहारी’, दिवसाचा डोळा. ‘बुलान’ (चंद्र आणि महिना), ‘ताहुन’ (वर्ष), ‘मालाम’ (रात्र) हेही तिथलेच.

संस्कृतचे खरे ऋण पाहायचे तर सुमात्रातील पालेम्बांगजवळ 1920 साली सापडलेला केदुकान बुकित शिलालेख पाहावा. इंडोनेशियनची पूर्वज असलेल्या जुन्या मलय भाषेतला, श्रीविजय राज्याचा हा लेख. त्यावरील मिती: शके 605, वैशाख शुद्ध एकादशी, म्हणजे इ.स. 683. शक, पक्ष, तिथी ही सारी परिभाषा पंचांगाची. महिन्यासाठी शब्द मात्र ‘वुलान’, आजच्या बुलानचे जुने रूप. ‘वुलान वैशाख’!

या दोन शब्दांचा शेजार मला फार बोलका वाटतो. दरबाराने बाहेरची कालगणना स्वीकारली, पण लोकांच्या तोंडचा चंद्र हलला नाही. संस्कृत ‘मास’ही तिकडे गेला, परंतु महिन्याची जागा रिकामी नव्हती, बहुधा म्हणूनच आज ‘मासा’ म्हणजे कालखंड. घटिकेची गंमत याहून मोठी. अहोरात्रीच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका 24 मिनिटांची. तिची तिथे ‘कतिका’ झाली, आणि अर्थ उरला ‘जेव्हा’! (‘घटकाभर बस’ म्हणताना आपण तरी कुठे मिनिटे मोजतो?) संध्येची मात्र ‘सन्जा’ झाली, आपल्या सांजेची सख्खी बहीण.

इस्लामबरोबर वारांची अरबी नावे आली: सनिन, सलासा, राबु, कामिस, जुमात, साब्तु. रविवारही ‘अहद’च होता. पुढे, 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कने 1511 मध्ये मलाक्का जिंकले. पोर्तुगीजांच्या त्या प्रदेशातील वावरातून त्यांचा रविवार, ‘दोमिंगु’, मलयमध्ये शिरला आणि ‘मिंगु’ झाला. आज मिंगु म्हणजे रविवारही आणि आठवडाही.

शिकणाऱ्याची हमखास फसगत होते ती इथे. ‘मालाम मिंगु’चा शब्दशः अर्थ रविवारची रात्र, प्रत्यक्षात ती शनिवारची असते. वाराचे नाव ख्रिस्ती पोर्तुगीजांचे, पण रात्र मोजली जाते ती सूर्यास्ताला नवा दिवस धरणाऱ्या इस्लामी रीतीने.