दर्या खवळू दे!

समुद्रकाठी चार दिवस काढायचे ठरले, की घरातले प्रत्येक माणूस मनात एकच मागणे मागते: हवा चांगली असू दे आणि दर्या शांत असू दे. इ.स. १८९० च्या सप्टेंबरात इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, ब्रिडलिंग्टन गावी सुटीसाठी उतरलेले दोन भाऊ मात्र नेमके उलटे मागत होते. समुद्र खवळावा, लाटा उंच उठाव्यात, एवढेच त्यांना हवे होते!

थोरला डेव्हिड कवानानाकोआ बावीस वर्षांचा, धाकटा जोना कुहिओ एकोणीस वर्षांचा. दोघेही हवाई बेटांच्या राजघराण्यातले. आईबाप लवकर गेले, मधला भाऊ १८८७ साली वारला. मावशीने, म्हणजे राणी कापिओलानीने, त्यांना आपले मानून वाढवले होते. शिक्षणासाठी ते आता इंग्लंडात होते.

लाटेवर फळी टाकून किनाऱ्याकडे झेपावणे हा हवाईकरांचा पिढीजात खेळ. आज जग त्याला सर्फिंग म्हणते. १८८५ साली कॅलिफोर्नियात शिकत असताना तिघा भावांनी सांताक्रूझला, सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी, तिथल्याच रेडवुडच्या लाकडाच्या फळ्या करून हा खेळ मांडला होता. परमुलखात खेळ न्यायला फारसे सामान लागत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले असावे.

ब्रिडलिंग्टन फ्लॅम्बरो हेडच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांच्या आडोशाला वसलेले आहे. १८४६ साली तेथे आगगाडी पोचली आणि हवा खायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली. पण उत्तर समुद्राचे पाणी सप्टेंबरातही अंग गारठवणारे. सर्फिंगसाठीचे रबरी पोशाख निघायला अजून साठ वर्षे होती. तरी हे दोघे पाण्यात शिरले. धाकट्याने लंडनमधील हवाईचे वकील हेन्री आर्मस्ट्राँग यांना पत्राने कळवले, की आम्हाला लाटांवर पाहून लोक थक्क होतात. एवढेच नव्हे, तर सोबतचे शिक्षक राइटसन हेही शिकू लागले असून थोड्याच दिवसांत आमच्या बरोबरीने खेळतील!

या किनाऱ्याचे आणि हवाईचे नाते मात्र जुने होते. ब्रिडलिंग्टनच्या उत्तरेस व्हिटबी बंदर आहे. कॅप्टन जेम्स कुकने खलाशीपणाची उमेदवारी तेथेच केली आणि तेथेच बांधलेल्या ‘रेझोल्यूशन’ जहाजातून तो १७७८ साली हवाईला पोचला. पुढच्याच वर्षी तो त्या बेटांवर मारला गेला. त्याचा सहकारी जेम्स किंग याने केलेले लाटास्वारीचे वर्णन १७८४ साली छापून आले. इंग्रज वाचकांना हा खेळ भेटला तो असा कागदावर. शंभराहून अधिक वर्षांनी तो कुकच्याच परगण्याच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष अवतरला.

त्याच सुमारास मायदेशी तो मागे पडत चालला होता. परक्या रोगांनी प्रजा रोडावली होती, आणि १८२० पासून येऊ लागलेल्या मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ रुचत नव्हता. पुढे राज्यही गेले. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आले. १८९५ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल कुहिओने तुरुंगवास भोगला. १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली. १९०३ पासून १९२२ साली मृत्यू येईपर्यंत कुहिओ अमेरिकी काँग्रेसमध्ये हवाईचा प्रतिनिधी होता. पण त्या सभागृहात त्याला मताचा अधिकार नव्हता.

ब्रिडलिंग्टनचे ते पत्र दप्तरात पडून राहिले. २०१२ च्या सुमारास ते उजेडात आले, तोवर ब्रिटनमध्ये हा खेळ विसाव्या शतकात आला अशीच समजूत होती. आज यॉर्कशायरच्या एखाद्या निवांत किनाऱ्यावर जायचा बेत करणारी तरुण मंडळी वारा पाहतात, भरती-ओहोटीची वेळ पाहतात आणि दर्या खवळण्याची वाट पाहतात. हे मागणे त्या किनाऱ्यावर प्रथम कोणी मागितले, हे आता त्या पत्रामुळे आपल्याला ठाऊक आहे. आणि शिष्यांकडून धडे घेत, गारठत, फळीवरून घसरत पुन्हा लाटेकडे वळणारे राइटसन गुरुजीही त्या पत्रामुळेच आपल्याला भेटतात.