दहा हजार थेंब

बऱ्याच दिवसांत इथे फिरकले नाही. कारण नातेवाईकांना माहीत आहे, बाकीच्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींसाठी सांगते. जूनमध्ये जुलाब-उलट्यांनी ह्यांचा पार गळाठा झाला आणि अँब्युलन्समधून पुण्याला हलवावं लागलं. आता तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. पण त्या प्रवासात एक छोटंसं यंत्र पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून टाकते. (तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे गोष्ट पार मागून सुरू करायची खोड आहे, सांभाळून घ्या.)

सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, हे आपल्याला आता इतकं सवयीचं झालंय की त्याला इतिहास असेल असं वाटतच नाही. 1831 साली इंग्लंडमध्ये कॉलरा पोचला. त्यात माणसं काही तासांत सुकून जायची आणि डॉक्टर उलट त्यांचंच रक्त काढायचे. विल्यम ओशॉनेसी नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की ह्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत घालायला हवेत. (हाच गृहस्थ पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा त्यानेच टाकल्या!)

ते वाचून एडिंबरोजवळच्या लीथ गावातल्या थॉमस लाटा ह्या डॉक्टरने 1832च्या मे महिन्यात प्रत्यक्ष करून पाहिलं. रोगी एक म्हातारी बाई. नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेलेले, अंग गार. लाटाने शिरेत नळी घातली आणि क्षारांचं पाणी थोडं थोडं सोडत राहिला. आधी काहीच फरक नाही. मग हळूहळू श्वास सुधारला, डोळ्यांत चमक आली, नाडी परत आली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी गेलं होतं. बाई म्हणाली, आता बरं वाटतंय, थोडी झोप मिळाली की झालं.

लाटा थकला होता. तिला तिथल्या डॉक्टरवर सोपवून तो घरी गेला. थोड्या वेळात जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, आणि साडेपाच तासांत बाई गेली. पुन्हा पाणी दिलं असतं तर ती वाचली असती, असं लाटाने स्वतःच नंतर लिहून ठेवलं. ते वाचताना माझ्या पोटात कालवलं. का, ते पुढे येईलच.

1833 साली लाटाही वारला आणि त्याची रीत मागे पडली. पाणी निर्जंतुक नसायचं, शिवाय ते द्यायचे अगदी शेवटच्या घटकेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सलाईन पुन्हा रुळवलं. ते नुसतं पाणी देऊन थांबत नसत. ग्लिसरिन आणि पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेल्या छोट्या बाटल्या ते जवळ ठेवत आणि त्यांत रोग्याच्या रक्ताचा थेंब सोडत. थेंब कशात बुडतो, कशात तरंगतो, त्यावरून रक्त किती घट्ट झालंय आणि अजून पाणी हवं का, ते ठरे. खाटेशेजारी नेता येईल असं ते नजर ठेवायचं साधनच म्हणायचं.

आता माझी गोष्ट. 1978 साल. धाकटा दोन वर्षांचा होता. पावसाळ्यात त्याला हगवण लागली आणि तालुक्याच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच सिस्टर. काचेची बाटली टांगून झाल्यावर ती मला म्हणाली, "बाई, हातात घड्याळ आहे ना? मिनिटाला 25 थेंब पडले पाहिजेत. मोजत बसा, कमी-जास्त झालं तर हाक मारा." मी मोजत बसले. वीस थेंबांचा एक मिलीलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत दहा हजार थेंब. हा हिशेब मी त्या रात्री केला, तो अजून विसरले नाही.

शेजारच्या खाटेवर एक आजीबाई होत्या. पहाटेच्या एस.टी.ने घरी जायचं म्हणून त्यांच्या मुलाने बाटली लवकर संपावी ह्या हिशेबाने नळीवरची चकती सैल केली. मी ते पाहिलं. थेंब कसले, धारच लागली होती. पण सिस्टर कुठे दिसत नव्हती, माझा आकडा चुकेल अशी भीती होती, आणि परक्याला कसं बोलायचं हा संकोच. मी गप्प बसले. पहाटे आजींना धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली. वय झालेल्या हृदयाला एवढं पाणी एकदम झेपत नाही, हे मला नंतर कळलं. त्यांना जिल्ह्याच्या गावी हलवलं. पुढे काय झालं ते मला कधीच समजलं नाही. धाकटा मात्र बरा झाला.

ह्यांचंही हृदय अशक्त आहे. म्हणून अँब्युलन्समध्ये माझं सगळं लक्ष बाटलीकडे. पण गाडी हलतेय, बाटली झुलतेय, टप नीचा त्यामुळे ती उंच टांगता येत नाही, आणि माझे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे. थेंब मोजणार कसे? बरोबरच्या मुलाने थेंब पडतात त्या नळकांड्यावर एक डबी अडकवली. "आजी, ह्यातून न दिसणारा किरण जातो. थेंब पडला की किरण तुटतो आणि हे मोजतं," तो म्हणाला. त्यावर ताशी 60 मिलीलिटर असा आकडा होता. म्हणजे मिनिटाला 20 थेंब, मी मनात ताळा केला! ही डबी पंपासारखं पाणी ढकलत नाही. नुसती मोजते आणि वेग बदलला की ओरडते.

खंबाटकी घाटात ह्यांनी दुमडलेला हात सरळ केला आणि डबी कोकलायला लागली. आकडा एकदम शंभरच्या पुढे. मुलगा फोनवर बोलत होता. मी त्याचा दंड धरून हलवला. जरा जोरातच. त्याने चकती आवळली, आकडा खाली आला. "सॉरी आजी," म्हणाला बिचारा.

मी त्याला काही बोलले नाही. त्या रात्री त्या आजींच्या मुलाचा दंड असाच धरायला हवा होता, एवढंच मनात आलं. असो.

आता ह्यांना पेज आणि मऊ भात चालतो.